वैमानिक इंद्रलाल रॉय

उत्तर फ्रान्समध्यें कोळशाच्या खाणींचा जो मुलूख आहे, त्यांत कार्व्हँ या गांवाजवळ एस्तव्हेल नांवाचें एक लहानसें खेडें आहे. तेथील दफनभूमींत गांवकऱ्यांच्या थडग्यांशेजारीं एका परदेशी तरुणाचें थडगें आहे. त्याच्या शिळेवर दोन भाषांत लेख कोरले आहेत. ज्या ध्येयावर त्याचें प्रेम होतें त्या ध्येयासाठीं त्यानें प्राण दिला, असा फ्रेंच लेखाचा आशय आहे. दुसरा लेख बंगाली आहे. ही एका महान वीराची समाधि आहे, तिचा मान राखा, तिला स्पर्श करूं नका, असें तो सांगतो. ती लिपि वाचतां येणारा माणूस त्या खेड्यांत वर्षाकाठीं एखादा तरी येत असेल कीं नाहीं याची शंकाच आहे. पण शिळेवर लेख कोरविणाऱ्यांनीं वाचणाऱ्यांची गणती केलेली नसते.

त्या शिळेखालीं चिरनिद्रा घेणारा तरुण मृत्युसमयीं अवघ्या एकोणीस वर्षांचा होता. त्याचें नांव इंद्रलाल रॉय. घरचीं माणसें व मित्र त्याला ‘लॅडी’ म्हणत. पहिल्या महायुद्धांत शत्रूचीं दहा विमानें पाडल्याचें श्रेय ज्याच्या नांवावर नोंदलें गेलें असा तो एकमेव हिंदी वैमानिक होय. आणि हीं दहाहि विमानें त्यानें पंधरवड्याच्या आंत पाडलीं.

इंद्रलालचा जन्म कलकत्त्यास २ डिसेंबर १८९८ रोजीं झाला. घराणें मूळचें पूर्व बंगालमधील बारिसालकडचें, जमीनदारांचें. वडील प्यारीलाल रॉय हे बॅरिस्टर असून सरकारी फौजदारी खटले चालविण्याच्या खात्याचे कलकत्त्यांतील प्रमुख होते. आई ललिता रॉय यांचें नांवहि इतिहासांत स्वतंत्रपणें नोंदलेलें आहे. विसाव्या शतकाच्या अगदीं आरंभीं त्या आपल्या सहा मुलांना घेऊन शिक्षणासाठीं लंडनला येऊन राहिल्या, आणि १७ जून १९११ रोजीं स्त्रियांच्या मताधिकारासाठीं लंडनमध्यें जी प्रचंड मिरवणूक निघाली, तींत लुगडीं नेसून चालणाऱ्या हिंदी स्त्रियांमध्यें त्या होत्या. मुलाच्या धाडसाचें मूळ शोधूं पाहणाऱ्यानें फार दूर जाण्याचें कारण नाहीं. थोरला भाऊ परेशलाल हा केंब्रिजचा मुष्टियोद्धा. हिंदुस्थानांत मुष्टियुद्धाचा खेळ रुजविण्याचें श्रेय पुढें त्यालाच मिळालें. महायुद्ध सुरू होतांच तो तोफखान्याचें नांव धारण करणाऱ्या लंडनच्या एका जुन्या पलटणींत भरती झाला होता. धाकटा इंद्रलाल तेव्हां लंडनच्या सेंट पॉल्स शाळेंत शिकत होता.

शाळा सोडतांच त्यानें रॉयल फ्लाइंग कोअर या ब्रिटिश विमानदळाकडे अर्ज केला आणि तो नामंजूर झाला. कारण रंगाचें नव्हे, डोळ्यांचें होतें. दृष्टि सदोष, असा वैद्यकीय अधिकाऱ्यानें शेरा मारला. दुसरा एखादा मुलगा येथें निमूटपणें पायदळाकडे वळला असता. असें सांगतात कीं, इंद्रलालनें आपली मोटरसायकल विकली, आलेल्या पैशांतून देशांतील एका नामांकित नेत्रवैद्याची फी भरली, आणि दृष्टि निर्दोष असल्याचा दाखला घेऊन तो पुन्हां अधिकाऱ्यांपुढें उभा राहिला. शेरा बदलला. अठरा वर्षांच्या मुलाला मोटरसायकल किती प्रिय असते हें ज्यांच्या घरांत तसा मुलगा आहे त्यांना सांगावयास नको.

१९१७ च्या एप्रिलमध्यें तो उमेदवार म्हणून विमानदळांत घेतला गेला. त्या महिन्याला ब्रिटिश वैमानिकांनीं पुढें ‘रक्ताळलेला एप्रिल’ असें नांव दिलें. अरास येथील लढाईच्या त्या दिवसांत दोनशेंहून अधिक ब्रिटिश विमानें नष्ट झालीं. नवा वैमानिक आघाडीवर आला कीं तो किती आठवडे टिकेल याचे अंदाज सोबती मनांतल्या मनांत बांधीत. माणसांची निकड अशी भासत होती. हिंदी तरुणांना जें दार आजवर बंद होतें तें किलकिलें झालें त्याला ही निकड बरीचशी कारण होती, असें म्हटल्यास अन्याय होणार नाहीं.

दार बंद होतें म्हणजे काय, हें थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. कारण आज त्या व्यवस्थेची कल्पनाहि करणें कठीण जातें. त्या युद्धांत दहा लाखांहून अधिक हिंदी माणसें समुद्रापार गेलीं. इंद्रलालच्या थडग्यापासून फारशा दूर नसलेल्या नव्हशापेल गांवीं १९१५ च्या मार्चमध्यें हिंदी पलटणी लढल्या. मराठा पलटणी मेसोपोटेमियाच्या चिखलांत व उन्हांत झुंजल्या. पण त्या पलटणींतील हिंदी माणूस फार तर सुभेदार-मेजर होई, आणि तीस वर्षें चाकरी केलेल्या त्या सुभेदार-मेजरानें कालपरवां विलायतेहून आलेल्या मिसरूड न फुटलेल्या गोऱ्या लेफ्टनंटाला सलाम ठोकावयाचा असे. बादशाही सनद, म्हणजे ज्या सनदेच्या जोरावर अधिकारी गोऱ्या सैनिकांवरहि हुकूम चालवूं शकतो ती, वैद्यकीय खातें सोडल्यास हिंदी माणसाला मिळत नसे. लढाऊ फौजेंत नऊ हिंदी अधिकाऱ्यांना अशा सनदा देण्याचें जाहीर झालें तें १९१७ च्या ऑगस्टमध्यें. इंद्रलाल रॉय ५ जुलै १९१७ रोजींच विमानदळांत सेकंड लेफ्टनंट झाला होता. ही सनद तात्पुरती, युद्धापुरती होती खरी. पण सनद ती सनदच.

त्याच्याहि अगोदर, एप्रिलमध्यें, रावळपिंडीचा एक शीख तरुण त्या दारांतून आंत गेला होता. त्याचें नांव हरदितसिंग मलिक. ऑक्सफर्डचा हा विद्यार्थी ससेक्सच्या संघांतून क्रिकेट खेळलेला, गोल्फमध्यें प्रवीण, आणि युद्धांत फ्रेंच रेडक्रॉसची रुग्णवाहक गाडी चालवून आलेला. ब्रिटिश विमानदळ आपल्याला घेत नाहीं असें दिसतांच त्यानें फ्रेंच विमानदळांत जाण्याचें ठरविलें, आणि फ्रेंच त्याला घेण्यास तयारहि झाले. तेव्हां ऑक्सफर्डमधील त्याचे गुरु अर्कर्ट यांनीं विमानदळाचे प्रमुख जनरल हेंडरसन यांना पत्र धाडलें: ब्रिटिश साम्राज्याच्या प्रजाजनाला फ्रेंच घेतात व ब्रिटिश घेत नाहींत, ही लाजिरवाणी गोष्ट आहे, असा त्या पत्राचा आशय होता. पत्र लागू पडलें. मलिक यानें पागोटें उतरविण्यास नकार दिला, म्हणून त्यावर बसेल असें मोठें शिरस्त्राण मुद्दाम करून घेण्यांत आलें.

तिसरा एरॉल सेन हा केशवचंद्र सेन यांचा नातू. चौथा मुंबईचा श्रीकृष्ण वेलिंगकर. फ्रान्सच्या आघाडीवर ब्रिटिशांकडून लढाऊ विमान चालविणारे हिंदी वैमानिक म्हणून इतिहासाला माहीत आहेत ते हे चौघे. चौघेहि सुखवस्तु घरचे, चौघांचेंहि शिक्षण विलायतेंत झालेलें. ज्याच्यापाशीं विलायतेंतील शाळेचा शिक्का व शिफारस करणारा गुरु नव्हता, त्या हिंदी मुलाला आकाश तेव्हांहि बंदच होतें, हें येथें नोंदवून ठेवणें बरें.

इंद्रलाल ३० ऑक्टोबर १९१७ रोजीं फ्रान्समधील छप्पन्न क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्यें दाखल झाला, तेव्हां सेन दीड महिन्यापूर्वींच शत्रूच्या हातीं सांपडून कैदी झाला होता, आणि मलिक चारच दिवसांपूर्वीं पायांत गोळ्या लागून रुग्णालयांत पडला होता. ज्या स्क्वाड्रनमध्यें इंद्रलालची नेमणूक झाली तिचा लौकिक मोठा होता. आल्बर्ट बॉल, मॅकडन असे नांवाजलेले वैमानिक तिच्यांतले. त्याच्या आगमनापूर्वीं तीनच दिवस तिचा आणखी एक तेजस्वी वैमानिक, वीस वर्षांचा आर्थर ऱ्हिस डेव्हिड्स, कामगिरीवर गेला तो परतलाच नव्हता. हें आडनांव आपल्याकडील विद्वानांस अपरिचित नाहीं. पाली भाषेचे थोर अभ्यासक आणि पाली ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या सोसायटीचे संस्थापक प्राध्यापक ऱ्हिस डेव्हिड्स यांचा तो मुलगा. ज्या घरांत तथागताच्या अहिंसेचे ग्रंथ संपादिले जात होते, त्या घरांतील मुलानें पंचवीस विमानें पाडावीं आणि त्याची रिकामी झालेली जागा तीन दिवसांनीं कलकत्त्याच्या मुलाला दिसावी, असे योग युद्धच घडवून आणतें.

नव्या वैमानिकाला तेथें कॅप्टन मेबरी याच्या हाताखालीं देण्यांत आलें. शिक्षण तोंवर थोडक्यांतच उरकलेलें असे. फ्रान्समध्यें व्हाँदोम येथें उड्डाण, स्कॉटलंडमध्यें टर्नबेरी येथें गोळीबार, आणि मग थेट आघाडी. ६ डिसेंबर १९१७ रोजीं इंद्रलालचें विमान कोसळलें. त्या अपघाताबद्दल जी हकीकत सांगितली जाते ती अशी: त्याला मृत समजून रुग्णालयाच्या शवागारांत ठेवण्यांत आलें. कांहीं वेळानें तो शुद्धीवर आला आणि बंद दारावर धक्के मारूं लागला. आंतून येणारा तो आवाज ऐकून पहाऱ्यावरच्या माणसाची अशी गाळण उडाली कीं दार उघडण्यास कोणी धजेना. वीरांच्या चरित्रांत अशा गोष्टी येतात आणि तोंडोतोंडीं त्यांना रंग चढतो. पण रंग वजा केला तरी जें उरतें तें पुरेसें आहे. विमान कोसळलें होतें, वैमानिक जबर जखमी झाला होता, आणि त्याला इंग्लंडला परत पाठवून उड्डाणास अपात्र ठरविण्यांत आलें. त्याचा नायक मेबरी त्याच महिन्याच्या १९ तारखेस मारला गेला. म्हणजे इंद्रलाल धडधाकट राहून तेथेंच असता तर वांचलाच असता असेंहि नाहीं.

त्या हिंवाळ्यांत व पुढच्या वसंतांत या मुलानें काय केलें? त्यानें विमानांचीं चित्रें काढलीं. आपलीं, शत्रूचीं, झुंजणारीं, वळणें घेणारीं, पेटून खालीं जाणारीं विमानें त्यानें पेन्सिलीनें रेखाटलीं, आणि त्यांतील बरींच चित्रें आजहि जपून ठेवलेलीं आहेत. पंखांमधल्या तारा, दांड्या, बंदुकीची बैठक, सारें त्यांत बारकाईनें दाखविलेलें आहे. ज्या डोळ्यांना सरकारी वैद्यानें सदोष ठरविलें होतें, ते काय काय टिपीत होते तें तीं चित्रें पाहून कळतें. याच काळांत त्यानें वरिष्ठांचा पिच्छा पुरविला. वैद्यकीय दृष्ट्या अपात्र असतांहि त्यानें त्यांचें मन वळविलें, आणि १९ जून १९१८ रोजीं तो पुन्हां फ्रान्समध्यें, या वेळीं चाळीस क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्यें, हजर झाला.

त्याच जून महिन्यांत मुंबईच्या टाऊन हॉलमध्यें एक प्रसंग घडला, तो मराठी वाचकाला आठवल्यावांचून राहणार नाहीं. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनीं १० जूनला युद्धपरिषद भरविली होती. लोकमान्य टिळक बोलावयास उभे राहिले. राजनिष्ठेचीं वाक्यें झालीं, आणि स्वराज्याचा विषय निघतांच गव्हर्नरांनीं त्यांना थांबविलें. लोकमान्य सभा सोडून निघून गेले. शिपाई म्हणून नुसते मरावयास जा असें तरुणांना सांगण्यास टिळक तयार नव्हते. अधिकाऱ्यांच्या जागा हिंदी लोकांना द्या, मग माणसें देतों, ही त्यांची अट होती. गांधीजींनीं व्हाइसरॉयकडून तसें वचन आणलें तर महाराष्ट्रांतून पांच हजार माणसें देईन, न दिल्यास हे पैसे बुडाले समजा, अशा पैजेनें त्यांनीं गांधीजींकडे पन्नास हजार रुपयांचा चेक पाठविला होता. गांधीजींनीं तो परत केला. मुंबईंत अधिकाराच्या जागांवरून हा वाद चालला असतां, अशी एक जागा मिळविलेला बंगाली तरुण फ्रान्समध्यें आपलें विमान तपाशीत होता, आणि मुंबईचा वेलिंगकर तर शत्रूच्या हद्दीवर घिरट्या घालीत होता. लोकमान्यांना या चौघांचीं नांवें ठाऊक असतीं, तर त्यांचा युक्तिवाद अधिकच बळकट झाला असता.

वेलिंगकर याचा शेवट याच सुमारास झाला. तेवीस क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून ‘डॉल्फिन’ जातीचें विमान तो चालवी. जूनच्या अखेरीस गस्तीवर असतां त्याचें विमान शत्रूच्या बाजूला पडलें, आणि ३० जून १९१८ रोजीं तो जर्मनांच्या ताब्यांत असतांनाच जखमांनीं वारला. त्यांनीं त्याला पुरलें खरें, पण नांवाची नोंद चुकीची झाली. हँगार येथील थडग्यांत पहुडलेला अधिकारी मुंबईचाच होय, हें ठरविण्यास युद्धानंतर बराच काळ लागला.

चाळीस क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्यें इंद्रलाल ज्या तुकडींत होता तिचा नायक जॉर्ज मॅकेलरॉय हा पंचवीस वर्षांचा आयरिश होता. त्याला हवाई युद्धाचे धडे मिळाले होते ते मॅनॉक या विख्यात वैमानिकाकडून. आणि मॅनॉकचें शिक्षण धाडसापेक्षां डोकें शांत ठेवण्याचें होतें. उंची आपल्या हातीं असावी, सूर्य आपल्या पाठीशीं असावा, सावज निवडावें, अगदीं जवळ जाईपर्यंत बंदुकीच्या कळीला बोट लावूं नये, आणि तडाखा देऊन निघून यावें, असें तें शिक्षण. इंद्रलालला आतां खरा गुरु भेटला, असें म्हणण्यास हरकत नाहीं. पहिल्या खेपेस त्याच्या हातून एकहि विमान पडलें नव्हतें.

त्याच्या हातीं आलेलें ‘एस. ई. ५ ए’ हें विमान त्या काळीं उत्तमांपैकीं गणलें जाई. लांकडी सांगाडा, वर कापड, दोनशें अश्वशक्तीचें इंजिन, तासीं सुमारें १३० मैल वेग. मलिक चालवी त्या ‘कॅमल’ विमानाचें इंजिन पंख्याबरोबर स्वतःच गरगर फिरे आणि त्यांत वंगण म्हणून एरंडेल घालावें लागे. त्याचे तुषार व वाफ वैमानिकाच्या तोंडावर व पोटांत जात, आणि त्याचा व्हावयाचा तो परिणाम होई. एस. ई. ५ मध्यें ती पीडा नव्हती. त्यावर दोन मशीनगन असत: एक पंख्याच्या पात्यांमधून नेम साधून गोळ्या सोडणारी, दुसरी वरच्या पंखावर बसविलेली. ही दुसरी एका वांकड्या लोखंडी पट्टीवरून खालीं ओढतां येई, म्हणजे तिचें तोंड वर होऊन डोक्यावरच्या विमानाचें पोट फोडतां येई. तिचें ९७ गोळ्यांचें तबकडें रिकामें झालें कीं, गुडघ्यांत सुकाणूची दांडी धरून, हिमासारख्या वाऱ्यांत उभ्या हातांनीं तें उतरवून दुसरें चढवावयाचें. पंधरा हजार फुटांवर बसण्याची जागा उघडी, ऊब नाहीं, प्राणवायूची नळी नाहीं. हवाई छत्रीहि नाहीं! जर्मन वैमानिकांना त्या उन्हाळ्यांत छत्र्या मिळूं लागल्या होत्या. ब्रिटिश वैमानिकाचें विमान पेटलें तर त्यानें जळावें किंवा उडी टाकावी, एवढीच निवड त्याच्यापुढें असे.

६ जुलै १९१८ रोजीं ड्रोकूर गांवाच्या आसमंतांत इंद्रलालनें पहिलें विमान पाडलें. तें ‘हॅनोव्हर’ जातीचें, दोन माणसांचें टेहळणी विमान होतें. दोन माणसांचें विमान म्हणजे सोपें सावज, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुस्थिति उलट होती. मागच्या माणसाच्या हातीं फिरती मशीनगन असे, आणि हॅनोव्हरची शेपटी मुद्दाम आंखूड, दुहेरी पट्ट्यांची केलेली होती, ती त्याच्या माऱ्याच्या आड येऊं नये म्हणूनच. लांबून हें विमान एकट्या वैमानिकाचें वाटे आणि नवशिका फसे. त्याच्या पोटाखालील आंधळ्या कोनांत शिरून तेथें टिकून राहणें, हें कसब होतें. ८ जुलैला चार तासांच्या अवधींत इंद्रलालनें तीन विमानें पाडलीं: दोन हॅनोव्हर आणि एक फोकर. १३ तारखेस दोन, १५ तारखेस आणखी दोन, १८ ला एक, १९ ला एक. महिन्यापूर्वीं ज्याला उड्डाणास अपात्र ठरविलेलें होतें, त्यानें चौदा दिवसांत दहाचा आंकडा गांठला. त्याचें एकंदर उड्डाण फार झालें नव्हतें. सुमारें १७० तास.

या दहांबद्दल थोडा खुलासा आवश्यक आहे. वृत्तपत्रांतून ‘दहा विमानें पाडलीं’ असें छापलें जातें, आणि वाचकाच्या डोळ्यांपुढें दहा जळते सांगाडे उभे राहतात. प्रत्यक्षांत त्या काळच्या ब्रिटिश नोंदींत दोन वर्ग असत. शत्रूचें विमान जमिनीवर आदळलेलें, पेटलेलें किंवा हवेंतच मोडलेलें पाहिलें तर तें ‘नष्ट’. आणि गरगरत, तोल सुटून खालीं जातांना पाहिलें पण ढगांत दिसेनासें झालें, तर तें ‘ताबा सुटलेलें’. दुसऱ्या वर्गांतील कांहीं विमानें खालीं जाऊन सांवरलीं असतील हें उघड आहे. इंद्रलालच्या दहांपैकीं पांच पहिल्या वर्गांतलीं, पांच दुसऱ्या. आणि दोहोंतील एकेक सोबत्यांच्या भागीदारींतलें. सरकारी गौरवलेखांत तर तेरा दिवसांत नऊ, असाच आंकडा आहे. या हिशेबानें त्याची कीर्ति उणावत नाहीं, कारण त्या युद्धांतील सगळ्याच ब्रिटिश वैमानिकांचा हिशेब याच वहींत लिहिलेला आहे. पण वीराची स्तुति करतांना वही उघडून पाहिलेली बरी.

२२ जुलै १९१८. जर्मनांचा शेवटचा मोठा हल्ला मार्न नदीवर थोपविला गेला होता, आणि चारच दिवसांपूर्वीं फ्रेंचांनीं उलट चढाई सुरू केली होती. युद्धाचें पारडें फिरलें होतें, पण तें त्या दिवशीं आकाशांत असणाऱ्यांना कळण्याजोगें नव्हतें. कार्व्हँच्या परिसरांत इंद्रलालची गांठ फोकर डी-७ जातीच्या विमानांशीं पडली. हें विमान जर्मन कारागिरीची कमाल होतें. युद्धतहाच्या अटींत शत्रूनें स्वाधीन करावयाच्या विमानांमध्यें या जातीचा नांवानिशीं उल्लेख केलेला आहे, यावरून विजेत्यांनीं तिची केवढी धास्ती घेतली होती हें दिसतें. हीं विमानें जर्मनांच्या एकोणतिसाव्या लढाऊ स्क्वाड्रनचीं होतीं. झुंजींत इंद्रलालचें विमान पेटलें आणि शत्रूच्या हद्दींत कोसळलें. एस्तव्हेलच्या दफनभूमींत त्याला मूठमाती मिळाली.

त्यानंतर चार दिवसांनीं मॅनॉक पडला. आणखी पांच दिवसांनीं, ३१ जुलैला, मॅकेलरॉय. गुरु, शिष्य आणि शिष्याचा शिष्य असे तिघे दहा दिवसांत संपले. २१ सप्टेंबर १९१८ च्या सरकारी गॅझेटांत लेफ्टनंट इंद्रलाल रॉय यास ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ हें पदक दिल्याचें प्रसिद्ध झालें. हें पदक त्याच वर्षीं जूनमध्यें निर्माण झालें होतें. तें मिळविणारा तो पहिला हिंदी. तो अत्यंत शूर व निश्चयी असल्याचें आणि एकाच गस्तींत दोन विमानें पाडण्याचा पराक्रम त्यानें एकाहून अधिक वेळां केल्याचें गौरवलेखांत म्हटलें होतें. गॅझेट निघालें तेव्हां त्याला जाऊन दोन महिने झाले होते.

तो कोणासाठीं लढला, असा प्रश्न पुष्कळदां विचारला जातो. ज्या साम्राज्यानें त्याच्या देशबांधवांना सुभेदाराच्या वर चढूं दिलें नाहीं त्या साम्राज्यासाठीं, असें उत्तर देणें सोपें आहे, आणि तें खोटेंहि नाहीं. पण लंडनमध्यें वाढलेला, तेथील शाळासोबत्यांना एकामागून एक युद्धावर जातांना पाहिलेला, आणि विमान या नव्या यंत्रानें झपाटलेला अठरा वर्षांचा मुलगा साम्राज्याचा हिशेब मांडीत बसला असेल असें वाटत नाहीं. हिशेब मांडावयाचा होता तो दुसऱ्यांनीं, आणि त्यांनीं तो मांडतांना चौघांची जमा धरलीच नाहीं. युद्ध संपलें आणि दार पुन्हां लागलें. तात्पुरत्या सनदा तात्पुरत्याच ठरल्या. हिंदी माणसाला विमान चालविण्याची, त्यांतून लढण्याची पात्रता आहे कीं नाहीं, यावर पुढें दहाबारा वर्षें समित्या बसल्या आणि अहवाल निघाले. जणूं काय कार्व्हँच्या आकाशांत कांहीं घडलेंच नव्हतें! अखेर १९३० सालीं क्रॅनवेलच्या विमान-विद्यालयांत हिंदी उमेदवार घेतले गेले, ८ ऑक्टोबर १९३२ रोजीं हिंदी विमानदळाची कायद्यानें स्थापना झाली, आणि १ एप्रिल १९३३ रोजीं कराचीजवळ ड्रिग रोड येथें त्याची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली. तिच्यापाशीं वापिटी जातीचीं चार विमानें होतीं. त्या पहिल्या वैमानिकांपैकीं सुब्रतो मुखर्जी हे १९५४ सालीं भारतीय विमानदळाचे पहिले भारतीय प्रमुख झाले.

चौघांपैकीं हरदितसिंग मलिक यांना दीर्घ आयुष्य लाभलें. सनदी नोकरी, पतियाळाचें दिवाणपद, कॅनडांत स्वतंत्र भारताचे प्रतिनिधि आणि १९४९ पासून फ्रान्समध्यें राजदूत अशा पायऱ्या चढून ते १९८५ सालीं वारले. ज्या देशाच्या रेडक्रॉसची गाडी त्यांनीं युद्धांत चालविली होती, त्याच देशाच्या राजधानींत ते आपल्या देशाचा ध्वज लावून राहिले. एस्तव्हेल तेथून दीडशें मैलांच्या आंतच आहे.

कलकत्त्याच्या भवानीपूर भागांत इंद्रलालच्या नांवाचा एक रस्ता आहे. १९९८ सालच्या डिसेंबरांत, त्याच्या जन्मास शंभर वर्षें झालीं तेव्हां, भारताच्या टपाल खात्यानें त्याच्या स्मरणार्थ एक तिकीट काढलें.